‘मेडिव्हल टू : टोटल वॉर’ : मोहिमेतील रणतंत्र

‘मेडिव्हल टू : टोटल वॉर’ हा मध्ययुगीन युरोप, उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियाच्या नकाशावर खेळला जाणारा युद्धविषयक व्हिडिओ गेम. ‘क्रिएटिव्ह असेंब्ली’च्या ऑस्ट्रेलियातील शाखेने तो घडवला आणि ‘सेगा’ने नोव्हेंबर २००६ मध्ये बाजारात आणला. मुख्य मोहीम १०८० ते १५३० अशी साडेचारशे वर्षांची आहे. नकाशावरचा कारभार, म्हणजे करवसुली, बांधकाम, वकिली, सोयरिकी, पाळीपाळीने चालतो. दोन फौजा भिडल्या की मात्र खेळाडू थेट रणांगणावर उतरतो. एका फौजेत जास्तीत जास्त २० तुकड्या मावतात. त्यांतली प्रत्येक कुठे उभी राहील, कधी हलेल, कधी थांबेल हे त्यालाच ठरवावे लागते.

या खेळातल्या लढाईचे मर्म धीरात आहे. माणसे किती मारली यापेक्षा शत्रूचा धीर कधी सुटला यावर निकाल लागतो. प्रत्येक तुकडीच्या मनोबलाचा हिशेब खेळ सतत ठेवत असतो. दमछाक, वाढते नुकसान, बगलेवर किंवा पिछाडीवर झालेला हल्ला, शेजारच्या तुकडीची पळापळ आणि सेनापतीचा मृत्यू या प्रत्येक गोष्टीने ते घसरते. पांढरे निशाण फडकले की ती तुकडी पळत सुटलेली असते. तिच्याकडे पाहून दुसरी डगमगते, मग तिसरी, आणि निम्मी माणसे जिवंत असतानाही फौज मोडते. १०६६ मध्ये हेस्टिंग्जला राजा हॅरल्ड पडल्यावर इंग्रजांची फळी अशीच विस्कटली होती. म्हणूनच स्वतःचा सेनापती विनाकारण पुढे घालणे ही नवख्या खेळाडूची सर्वांत महागडी चूक ठरते. त्याची खरी जागा फळीच्या मागे. कचरणाऱ्या सैनिकांना धीर द्यायचा आणि शेवटचा घाव घालायचा, हे त्याचे काम.

शत्रूला समोर गुंतवून मागून घोडदळ घालणे हा सर्वांत भरवशाचा डाव. भालाईतांची फळी शत्रूच्या पायदळाला अडवून धरते, तेवढ्यात सरदारांचे घोडे लांबून वळसा घेतात. घोड्यांच्या धडकेला पुरेशी मोकळी धाव लागते. रांग जुळलेली असेल तरच शेवटच्या टप्प्यात भाले एकदम खाली येतात आणि पहिल्याच तडाख्यात शत्रूची मागची रांग कोसळते. धडक देऊन झाल्यावर घोडदळ तिथेच हाणामारीत अडकू द्यायचे नाही. बाहेर काढून, पुन्हा रांग लावून, पुन्हा घालायचे. हेच घोडे भालाईतांच्या तोंडावर सोडले तर मात्र हकनाक मरतात.

बचावाची कला शिकावी ती इंग्लंडच्या फौजेकडून. लढाई सुरू होण्यापूर्वी मांडणीला वेळ मिळतो, तेव्हा काही लांब धनुष्यवाल्या तुकड्यांना आपल्यासमोर टोकदार खुंट रोवता येतात. मग धनुर्धारी थोडे मागे घ्यायचे, त्यांच्या दोन्ही अंगांना पायदळ, आणि जवळ झाडी असेल तर तिच्यात एक तुकडी दडवायची. फ्रेंच सरदार बाणांच्या माऱ्यातून दौडत येतात, खुंटांवर त्यांचे घोडे कोसळतात आणि उरलेल्यांवर पायदळ तुटून पडते. २५ ऑक्टोबर १४१५ रोजी अॅजिनकोर्टला पाचव्या हेन्रीच्या धनुर्धाऱ्यांनी असेच खुंट रोवले होते. दोन रानांमधल्या चिंचोळ्या, चिखलाने भरलेल्या शेतात फ्रेंचांची संख्या त्यांच्याच अंगावर उलटली. पेटते बाण सोडायचीही सोय खेळात आहे. त्यांचा नेम कमी लागतो, पण शत्रूचा धीर लवकर खचतो. आधीच डगमगलेल्या तुकडीवर ते अचूक लागू पडतात.

मंगोल आले की ही सारी घडी विस्कटते. तेराव्या शतकात ते पूर्वेकडून एकामागोमाग एक भरलेल्या फौजा घेऊन उतरतात. त्यांचे घोडेस्वार तिरंदाज अंगावर येत नाहीत. बाण सोडतात, मागे सरतात, पुन्हा येतात. मोकळ्या मैदानात त्यांचा पाठलाग करणारे जड घोडदळ नुसते दमते. त्यांना पुलावर गाठावे. तिथे अरुंद वाटेवर त्यांची चपळाई निकामी होते आणि पलीकडच्या काठावरच्या भालाईतांना व आडधनुष्यवाल्यांना पाय रोवून लढता येते. पुढे तैमूरी फौजा हत्ती घेऊन येतात, काही हत्तींवर चक्क तोफा असतात. तैमूरने १३९८ च्या दिल्ली स्वारीनंतर हिंदुस्थानातले हत्ती नेले आणि १४०२ मध्ये अंकाराच्या लढाईत वापरले, हा इतिहास. त्यांच्या पाठीवरच्या तोफा ही खेळाची कल्पना.

लढाई जिंकल्यावर कैदी सोडायचे, खंडणी घ्यायची की मारायचे, हा निर्णयही रणतंत्राचाच भाग मानावा लागेल. त्यावरून सेनापती दयाळू किंवा क्रूर ठरत जातो. दयाळू सेनापतीच्या हाताखाली आपल्या सैनिकांचा धीर वाढतो, क्रूर सेनापतीचा शत्रूला धसका बसतो.

वेढ्यांत हा खेळ काहीसा उणा पडतो. सर्वांत मोठ्या गडाला तटाच्या तीन रांगा असतात, त्या एकेक सोडत मागे हटण्यात खरी गंमत आहे. पण संगणकाची फौज पुष्कळदा तटाखाली बाणांच्या माऱ्यात नुसती ताटकळते. मैदानी लढाईतही त्याचा सेनापती वेळेआधी पुढे धावतो. हे दोष मान्य करूनही, मनोबलाला इतके महत्त्व देणारा आणि ते इतके स्पष्ट दाखवणारा मध्ययुगीन युद्धखेळ दुर्मीळच. २०२२ मध्ये तो ‘फेरल इंटरअॅक्टिव्ह’ने मोबाइलवरही आणला. नव्याने सुरुवात करणाऱ्याने इंग्लंड निवडावे आणि पहिल्या काही लढाया तरी आपोआप निकाल लावण्याचे बटण न दाबता स्वतः लढाव्यात.