सातगावची कोल्शा आणि पेटीतली गोधडी

यान लिन्सखोटेन हा डच तरुण १५८३ साली गोव्यात उतरला तो आर्चबिशपांचा चिटणीस म्हणून. हिशेबाच्या वह्या सांभाळता सांभाळता त्याने भोवतालचे सारे टिपून ठेवले आणि मायदेशी परतल्यावर, १५९६ मध्ये, ते ग्रंथरूपाने छापले. त्या ग्रंथात रेशमाने शिवलेल्या सुंदर पांघरुणांचा उल्लेख येतो. तिथे त्याने दोन शब्द शेजारी शेजारी ठेवले आहेत : एक पोर्तुगीज ‘कोल्शा’ आणि दुसरा ‘गोदोरीन’. हा दुसरा शब्द वाचताना मराठी वाचकाला आपल्या घरातलेच कुणी भेटल्यासारखे वाटते. आपली गोधडी आणि हिंदीतली गुदडी यांचाच तो गोतावळा!

या पांघरुणांत सर्वांत नावाजलेली होती ती बंगालची. हुगळीकाठच्या सातगाव परिसरात पोर्तुगीज व्यापाऱ्यांचा जम बसला आणि तेथील कारागिरांकडून ते युरोपसाठी कोल्शा करवून घेऊ लागले. पांढऱ्या सुती कापडाचे थर आणि त्यांवर टसरच्या पिवळसर रेशमाचे बारीक टाके, अशी ही घडण. टसर हे रानातल्या किड्याच्या कोशाचे रेशीम. पण लिन्सखोटेनला ते एखाद्या वनस्पतीचे सूत वाटले आणि ‘बंगालचे गवत’ म्हणून त्याने त्याची नोंद केली. चिटणीस कितीही चौकस असला तरी त्याला सारेच कसे कळावे?

या कोल्शांवर काय नाही? शलमोन राजाचा न्याय आहे, युदीथ आहे, आपले रक्त पाजून पिलांना जगवणारा पेलिकन पक्षी आहे. त्यांच्याच शेजारी ग्रीक पुराणातला हर्क्युलिस, जलपऱ्या, गलबते आणि टोपीवाले शिकारीही आहेत. युरोपातून आलेली छापील चित्रे समोर ठेवून बंगाली हातांनी ती टाक्यांत उतरवली. ज्या शास्त्रलेखाची ओळखही नव्हती त्यातले प्रसंग या माणसांनी इतक्या मायेने भरले. कुणी कोपऱ्यात आपले नाव मात्र घातले नाही. १६३२ मध्ये शाहजहानच्या सैन्याने हुगळी जिंकली आणि या व्यापाराचा कणा मोडला. आज लिस्बन, लंडन आणि बॉस्टन येथील संग्रहालयांत अशा कोल्शा आहेत.

त्या टिकल्या कशा, हाच खरा प्रश्न आहे. पोर्तुगालमध्ये सणाच्या मिरवणुकीच्या वाटेवर खिडक्यांतून उंची कोल्शा सोडण्याची प्रथा आहे. भक्ती खरी, पण ऊनही खरे. प्रकाशाने रेशीम जळते आणि ते पुन्हा भरून येत नाही. म्हणून संग्रहालयात जुन्या रेशमावर साधारण ५० लक्स एवढाच, संधिप्रकाशासारखा उजेड ठेवतात. धागा झडलेल्या जागी सुईची भोके दिसतात, कधी कारागिराने आखलेली रेघही दिसते. संवर्धन करणारे तिथे नवे रेशीम भरत नाहीत. मागून आधाराचे कापड जोडतात आणि हवे तेव्हा उसवता येईल असा टाका घालतात. ती भोके म्हणजे त्या निनावी हाताची सही आहे. ती बुजवली तर पांघरूण देखणे होईल, साक्ष मात्र जाईल.

मग वारशाने आलेले, अपुरे राहिलेले पांघरूण कधीच पुरे करू नये काय? माझे मत असे आहे की, तो हात अजून जिवंत आहे का, हे आधी पाहावे. उत्तर कर्नाटकातल्या सिद्दी स्त्रिया ‘कवंदी’ शिवतात. त्यांच्यात आपले कॅथलिक बंधुभगिनीही आहेत, आणि त्यांच्या कवंदीवर कधी कधी क्रूसही दिसतो. कडेपासून धावदोरा घालत त्या मध्याकडे येतात. चार कोपऱ्यांवर त्रिकोणी तुकड्यांची ‘फुले’ लागली नाहीत तर कवंदी उघडी राहिली असे मानतात. अशी अर्धी राहिलेली कवंदी लेकीने पुरी करावी, कारण आईचा टाका तिच्या बोटांत आहे. सातगावचा टाका आज कुणाच्या बोटांत आहे?

आपल्या घरांतही आजीच्या गोधड्या, भरतकामाच्या जुन्या चादरी पेट्यांतून पडून असतात. वाटणीच्या वेळी त्या मधोमध कापून दोघा भावांना दिल्याचेही ऐकिवात आहे. शलमोनाच्या दरबारातली खरी आई तिथे नव्हती, एवढेच म्हणायचे. काळे-तपकिरी तुकडे आधी विरलेले दिसले तर आजीच्या शिवणीला दोष देऊ नये. जुन्या काळ्या रंगात लोखंडाचा अंश असे आणि तोच कापड खातो. धुण्याची घाई करू नये. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नये. खळ काढलेल्या स्वच्छ मलमलीत गुंडाळावे, आणि घडी घालावीच लागली तर दर काही महिन्यांनी ती बदलावी, नाहीतर कापड घडीवरच तुटते. पावसाळा सरला की सावलीत, वाऱ्यावर उलगडून कसर लागली आहे का, ते पाहावे. आणि घरात कुणी वडीलधारे असेल तर त्याच वेळी त्यांना शेजारी बसवून, कुठला तुकडा कुणाच्या लुगड्याचा, हे कागदावर लिहून घ्यावे.