पिवळ्या जर्सीचा जन्म : १९१९ची ‘टूर द फ्रान्स’

‘टूर द फ्रान्स’ या जगप्रसिद्ध सायकलशर्यतीत एकूण वेळेच्या हिशेबात आघाडीवर असलेला स्पर्धक पिवळी जर्सी परिधान करतो. एक दिवस का होईना, ही जर्सी अंगावर चढावी, हे व्यावसायिक सायकलपटूंचे आयुष्यभराचे स्वप्न असते. मात्र या जर्सीचा जन्म वैभवाच्या काळात झालेला नाही. पहिल्या महायुद्धाने पोळलेल्या फ्रान्समध्ये, कापड, रबर आणि अन्नधान्य यांची टंचाई असताना १९१९ साली ती प्रथम वापरात आली. आणि जी व्यक्ती ती पहिल्यांदा ल्यायली, तिला त्या वर्षी विजय मिळाला नाही. पुढेही कधी मिळाला नाही.

युद्धानंतरची पहिली शर्यत

‘लोतो’ या क्रीडाविषयक दैनिकाचा खप वाढावा, या हेतूने १९०३ मध्ये ही शर्यत सुरू झाली. दैनिकाचे संपादक हेन्री देग्रांज हेच तिचे सूत्रधार होते. १९१४ची बारावी शर्यत संपल्यानंतर काही दिवसांतच युद्धाला तोंड फुटले आणि पुढील चार वर्षे शर्यत होऊ शकली नाही. या काळात तिने आपले तीन विजेते गमावले. १९०९चा विजेता, लक्झेंबर्गचा फ्रान्स्वा फाबेर फ्रान्सच्या ‘फॉरिन लीजन’मध्ये भरती झाला आणि मे १९१५ मध्ये आघाडीवर मारला गेला. १९१०चा विजेता ओक्ताव्ह लापिझ वैमानिक झाला. जुलै १९१७ मध्ये हवाई लढाईत त्याचा अंत झाला. १९०७ आणि १९०८ अशी सलग दोन वर्षे जिंकणारा ल्युसियाँ पती-ब्रताँ डिसेंबर १९१७ मध्ये लष्करी सेवेत असतानाच मोटार अपघातात मरण पावला.

व्हर्सायच्या तहावर २८ जून १९१९ रोजी स्वाक्षऱ्या झाल्या आणि दुसऱ्याच दिवशी, २९ जूनला, ६७ स्पर्धक पॅरिसहून निघाले. एकूण अंतर होते ५,५६० किलोमीटर. ते १५ टप्प्यांत विभागलेले होते आणि दोन टप्प्यांमध्ये एक दिवस विश्रांतीचा होता. फ्रान्सच्या सीमेला वळसा घालणाऱ्या या मार्गात युद्धानंतर जर्मनीकडून परत मिळालेली स्ट्रासबुर्ग आणि मेट्झ ही शहरे मुद्दाम समाविष्ट करण्यात आली होती. शर्यतीला त्यामुळे राष्ट्रीय सोहळ्याचे स्वरूप आले. मात्र उत्तरेकडील रस्त्यांची तोफांच्या माऱ्याने चाळण झाली होती. ले साब्ल-दोलोन ते बायोन हा पाचवा टप्पा ४८२ किलोमीटरचा होता. शर्यतीच्या इतिहासात त्याहून लांब टप्पा झालेला नाही.

सायकल बनवणाऱ्या कंपन्यांनाही युद्धाचा जबर फटका बसला होता. स्वतंत्र संघ उतरवणे एकेकट्या कंपनीला परवडणारे नव्हते. म्हणून अनेक कंपन्यांनी ‘ला स्पोर्तिव्ह’ या नावाखाली एकत्र येऊन सायकलपटूंचा खर्च उचलला. आल्फाँस बोजे हे तिचे व्यवस्थापक होते. परिणामी बहुतेक नामांकित स्पर्धकांच्या अंगावर एकाच धाटणीची राखाडी जर्सी आली. पुढे पिवळ्या जर्सीची गरज निर्माण झाली, ती या एकसारखेपणातून.

स्वावलंबनाचा कठोर नियम

त्या काळची शर्यत आजच्या शर्यतीपेक्षा फार वेगळी होती. सायकलला धावता धावता बदलता येणारे गिअर नव्हते. ते वापरण्याची मुभा १९३७ मध्ये मिळाली. चढ आला की उतरून मागचे चाक काढायचे आणि दुसऱ्या बाजूचे दातेरी चक्र पुढे घेऊन पुन्हा बसवायचे, अशी पद्धत होती. जादा टायर खांद्याभोवती गुंडाळलेले असत. सोबत दुरुस्तीचे पथक नसे. सर्वांत जाचक नियम असा की, सायकल मोडली तर ती स्पर्धकाने स्वतःच्या हातांनी दुरुस्त करायची. कोणाचीही मदत घेतल्यास वेळेचा दंड किंवा थेट हकालपट्टी ठरलेली असे. मनुष्याची खरी कसोटी एकाकी झुंजीतच लागते, अशी देग्रांज यांची ठाम धारणा होती.

या नियमाचा प्रत्यय पहिल्याच टप्प्यात आला. पॅरिस ते ल हाव्र हा टप्पा बेल्जियमच्या जाँ रॉसियुस याने जिंकला. पण १९१३ आणि १९१४चा विजेता फिलिप थीस याला वाटेत पेय दिल्याबद्दल त्याला ३० मिनिटांचा दंड झाला. थीस त्याच दिवशी शर्यतीबाहेर पडला. पुढील टप्प्यांवर हेन्री आणि फ्रान्सिस या पेलिसिए बंधूंनी वर्चस्व गाजवले. मात्र चौथ्या टप्प्यात हेन्री बराच मागे पडला आणि दोघा भावांनी शर्यत सोडून दिली. आघाडी आली ती युजेन क्रिस्तोफ याच्याकडे.

ग्रनोबलची ती रात्र

१८८५ मध्ये जन्मलेला क्रिस्तोफ मूळचा कुलुपे बनवणारा कारागीर. १९१०ची मिलान-सान रेमो ही शर्यत त्याने भर हिमवर्षावात जिंकली होती. १९१९ मध्ये तो ३४ वर्षांचा होता. आघाडी घेतल्यानंतर दिवसामागून दिवस त्याने ती टिकवली. अडचण एकच होती : रस्त्याच्या कडेला तासन् तास उभ्या राहणाऱ्या लोकांना, आणि पत्रकारांनाही, धुळीने माखलेल्या राखाडी घोळक्यात पहिल्या क्रमांकाचा गडी नेमका कोणता, हे ओळखू येत नसे.

यावर उपाय म्हणून आघाडीवीराला वेगळ्या रंगाची जर्सी देण्याचे ठरले. पिवळा रंग निवडण्याचे कारण बहुधा अगदी व्यावहारिक होते : ‘लोतो’ पिवळ्या कागदावर छापला जात असे. १९ जुलै १९१९ रोजी ग्रनोबलहून जीनिव्हाकडे जाणारा अकरावा टप्पा मध्यरात्रीनंतर सुरू होण्यापूर्वी क्रिस्तोफने ही जर्सी अंगावर चढवली. त्याला ती फारशी रुचली नाही. प्रेक्षक आणि सहस्पर्धक ‘कॅनरी पक्षी’ म्हणून त्याची थट्टा करू लागले. पुढे वृद्धापकाळी फिलिप थीसने, आपल्याला १९१३ मध्येच अशी जर्सी देण्यात आली होती, असा दावा केला. परंतु शर्यतीच्या अधिकृत इतिहासात पहिला मान क्रिस्तोफचाच आहे.

चिमटा मोडला

अखेरचे दोन टप्पे शिल्लक असताना क्रिस्तोफ आपला निकटचा प्रतिस्पर्धी, बेल्जियमचा फिर्मिन लाम्बो, याच्यापेक्षा २८ मिनिटांनी पुढे होता. २५ जुलैला मेट्झ ते डंकर्क हा ४६८ किलोमीटरचा चौदावा टप्पा होता. हा रस्ता थेट युद्धभूमीच्या पट्ट्यातून जाणारा आणि ठिकठिकाणी दगडी चिऱ्यांचा होता. व्हॅलेन्सिएन शहराजवळ क्रिस्तोफच्या सायकलचा, पुढचे चाक धरून ठेवणारा चिमटा मोडला.

सायकलचा हा भाग रस्त्यावर बसून दुरुस्त होण्यासारखा नसतो. त्यासाठी भट्टी लागते. जवळच असलेल्या सायकलच्या एका कारखान्यात क्रिस्तोफ पोहोचला. नियमानुसार तेथील कारागिरांनी हात लावणे निषिद्ध होते. त्याने स्वतःच लोखंड तापवले, ठोकले आणि जोडले. दुरुस्तीतच तासाहून अधिक वेळ गेला. सगळा हिशेब करता त्या दिवशी त्याने सुमारे अडीच तास गमावले. टप्पा लाम्बोने जिंकला आणि पिवळी जर्सीही त्याच्याकडे गेली.

विशेष म्हणजे क्रिस्तोफवर हा प्रसंग पहिल्यांदाच ओढवला नव्हता. १९१३ मध्ये पिरेनीज पर्वतातील तुर्माले घाट उतरताना त्याचा चिमटा असाच मोडला होता. सायकल खांद्यावर टाकून तो कित्येक किलोमीटर चालत सेंत-मारी-द-कांपां या गावी पोहोचला आणि तेथील लोहाराच्या भट्टीवर त्याने पंचांच्या देखरेखीखाली ती दुरुस्त केली. एका मुलाने भाता चालवण्यास मदत केली, म्हणून वर त्याला दंडही करण्यात आला. नंतर १९२२ मध्ये गालिबिए घाटात तिसऱ्यांदा त्याच्या नशिबी हेच आले. त्या वर्षी, वयाच्या ३७व्या वर्षी, तो पुन्हा काही दिवस पिवळ्या जर्सीत होता. ही जर्सी परिधान करणारा सर्वांत वयस्क सायकलपटू म्हणून त्याचे नाव आजही घेतले जाते.

निकाल आणि लोकांचा कौल

२७ जुलैला शर्यत पॅरिसला संपली, तेव्हा अंतिम क्रमवारीत केवळ दहा नावे उरली. अकरावा स्पर्धक पॉल दुबॉक हाही पॅरिसला पोहोचला होता. परंतु सायकल दुरुस्त करून घेण्यासाठी मोटारीतून गेल्याबद्दल त्याला बाद ठरवण्यात आले. लाम्बोने २३१ तास ७ मिनिटे १५ सेकंदांत अंतर पूर्ण केले. सरासरी वेग ताशी २४.०५६ किलोमीटर होता. शर्यतीच्या इतिहासातील विजेत्याचा हा सर्वांत कमी वेग होय. फ्रान्सचा जाँ अलाव्हान दुसरा, तर क्रिस्तोफ तिसरा आला. दहाव्या क्रमांकाचा ज्यूल नाँपाँ विजेत्याच्या २१ तासांहून अधिक मागे होता.

लाम्बोचा विजय निव्वळ दैवाचे दान नव्हता. अशा रस्त्यांवर सायकल शाबूत राखून शेवटपर्यंत टिकणे हेही कौशल्यच होते. १९२२ मध्ये, वयाच्या ३६व्या वर्षी, तो पुन्हा जिंकला. त्याच्याहून अधिक वयाचा विजेता या शर्यतीला अजून मिळालेला नाही. तरीही १९१९ मध्ये फ्रेंच जनतेचे मन क्रिस्तोफसाठी हळहळले. ‘लोतो’ने त्याच्यासाठी निधी उघडला आणि वाचकांच्या देणग्यांतून १३,३१० फ्रँक जमा झाले. विजेत्याचे पहिले बक्षीस ५,००० फ्रँकचे होते. ज्या दैनिकाने घालून दिलेल्या नियमाने क्रिस्तोफला मदत नाकारली, त्याच दैनिकाच्या वाचकांनी त्याचे नुकसान भरून काढले.

नियम कसा सैल झाला

हा कौल मिळूनही नियम लगेच बदलला नाही. १९२९ मध्ये पिवळ्या जर्सीतील व्हिक्टर फाँताँ याची सायकल पिरेनीजमध्ये पहाटेच्या अंधारात मोडली. गावातील दारे ठोठावून त्याने दुसरी सायकल मिळवली आणि नियमाप्रमाणे मोडकी सायकल पाठीवर बांधून तो मैलोगणती धावला. अखेरीस रडत रडत त्याने शर्यत सोडली. आघाडीवीराला केवळ सायकल मोडली म्हणून माघार घ्यावी लागते, ही शर्यत कसली, असा सवाल वृत्तपत्रांतून विचारला गेला. १९३० पासून राष्ट्रीय संघांची पद्धत आली, सहकाऱ्यांना एकमेकांच्या मदतीला थांबता येऊ लागले आणि एकाकी झुंजीचे ते पर्व मागे पडले.

क्रिस्तोफचे १ फेब्रुवारी १९७० रोजी निधन झाले. २०१९ मध्ये पिवळ्या जर्सीची शताब्दी साजरी झाली, तेव्हा त्याच्या नावाची पुन्हा आठवण निघाली. सेंत-मारी-द-कांपां या गावात त्याच्या दुरुस्तीची स्मृती जपणारा फलक आहे आणि हातात मोडका चिमटा उंचावलेला त्याचा पुतळाही आहे. ‘टूर द फ्रान्स’ कधीही न जिंकलेल्या या सायकलपटूला तुर्माले घाटाच्या पायथ्याशी मिळालेला हा मान अनेक विजेत्यांच्याही वाट्याला आलेला नाही.