खुंट फुटतो, पण राखील त्याचे रान



माळावर तोडलेल्या पळसाचा खुंट आपण पुष्कळदा पाहतो. झाड गेले, असे वाटते. पण वळवाचा पाऊस पडला की त्याच खुंटाच्या कडेने कोवळे धुमारे निघतात. वरचे खोड तुटले तरी मूळ जिवंत असते, आणि त्या मुळात मागल्या कैक वर्षांची शिदोरी असते. म्हणून बियांच्या रोपापेक्षा खुंटाचा फुटवा पहिली काही वर्षे झपाट्याने वाढतो. साग, धावडा, कडुनिंब यांचेही तसेच. बाभळीचा खुंट मात्र फारसा फुटत नाही, बरं का!

पळस तर जमिनीतल्या मुळांतूनही कोंब काढतो. अमेरिकेतल्या अ‍ॅस्पेन झाडाची हीच खोड. तिथे युटा राज्यात ‘पांडो’ नावाची राई सुमारे 106 एकर पसरली आहे; चाळीस हजारांवर खोडे, पण मूळ एकच. तिचे कोंब हरणे खाऊ लागली, तेव्हा काही भागाला कुंपण घालावे लागले. आपल्याकडे हरणाच्या जागी शेळी, एवढाच फरक.

हे शास्त्र सरकारला जुन्या काळापासून ठाऊक होते. इंग्रजांनी 1865 साली पहिला जंगल कायदा केला आणि 1878 च्या कायद्याने राखीव जंगले आखली. जंगलाचे ‘कूप’ पाडायचे, पाळीपाळीने तोडायचे, तोडलेल्या कुपात गुरे सोडायची नाहीत, अशी रीत बसली. रीत बरोबर होती. पण गावाला कोणी विचारले नाही. गुरांचे चरणे बंद झाल्याचे गाऱ्हाणे जोतीराव फुल्यांनी 1883 साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये मांडले आहे. रान परके झाले, मग ते राखावे कोणी?

याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात सापडते. नगर तालुक्यातले हिवरे बाजार. 1972 च्या दुष्काळानंतर गाव खचले, सरपणासाठी डोंगर बोडके झाले. 1989 साली पोपटराव पवार सरपंच झाले. पुढे ग्रामसभेनेच कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी ठरवली, श्रमदानाने चर खणले, झाडे लावली. गवत विळ्याने कापून न्यायचे, जनावर रानात सोडायचे नाही. 2000 साली सुमारे 100 टन गवत निघाले होते. 2004 साली 6000 टन निघाल्याची नोंद आहे. नियम जुनाच होता, पण या वेळी तो गावाने स्वतः घातला होता.

तेव्हा बांधावरचे झाड तोडावेच लागले, तर जमिनीलगत तोडा, काप तिरपा घ्या, म्हणजे पाणी साचणार नाही. फुटव्यांतले जोमदार दोन ठेवा, बाकीचे काढा. दरसाल तोडत राहिलात, तर मुळातली शिदोरी संपते आणि खुंट मरतो.

गुरुजी, शाळेजवळचा एखादा खुंट मुलांच्या स्वाधीन करा. आषाढात फुटवे मोजा, सुतळीने उंची घ्या, पुढच्या आषाढात पुन्हा घ्या. शेळीपासून तो खुंट वर्षभर राखताना मुलांना जे कळेल, ते पुस्तकातून कळणे अवघड आहे.