राजदंडापासून मतपेटीपर्यंत



‘नेता’ हा शब्द उच्चारताच आपल्या डोळ्यांसमोर व्यासपीठ, पुष्पहार आणि ध्वनिक्षेपक उभे राहतात. नेतृत्वाचे हे रूप मात्र अगदी अलीकडचे आहे. ते कसे बदलत गेले हे पाहण्यासाठी दिल्लीला किंवा रोमला जाण्याची गरज नाही. आपला जुना ठाणे जिल्हा पुरेसा आहे. (जुना म्हणण्याचे कारण, २०१४ साली त्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला.)

सोपारे येथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा मिळाला. या आठव्या लेखाचा आशय मोठा मनोरंजक आहे. पूर्वीचे राजे शिकारीसाठी व करमणुकीसाठी बाहेर पडत. अशोकाने राज्याभिषेकानंतर दहाव्या वर्षी ती रीत सोडली आणि धर्मयात्रा सुरू केल्या. श्रमण-ब्राह्मणांची भेट, वृद्धांना साहाय्य, खेड्यापाड्यांतील लोकांशी बोलणे हा त्यांचा हेतू. राजा तोच आणि सत्ताही तीच, पण बाहेर पडण्याचे कारण बदलले. तरीही त्याला जाब विचारणारा कोणी नव्हता, हे विसरू नका.

यानंतर दहाव्या शतकातील दोन उदाहरणे शेजारी शेजारी ठेवून पाहा. अरब प्रवासी अल्-मसूदी इ.स. ९१६ च्या सुमारास चौल बंदरात आला. तेथील मुसलमान व्यापाऱ्यांसाठी राजा त्यांच्यापैकीच एकाला प्रमुख नेमत असे व त्या समाजाचे तंटे तो प्रमुख मिटवी, असे त्याने नमूद केले आहे. हे झाले आपल्या समाजापुरते नेतृत्व.

दुसरे उदाहरण डहाणूजवळच्या चिंचणी येथे सापडलेल्या संस्कृत ताम्रपटातले, शके ८४८ म्हणजे इ.स. ९२६ चे. राष्ट्रकूट राजांच्या वतीने संजाणच्या प्रदेशावर मधुमती नावाचा अधिकारी होता. ताम्रपट त्याला ‘ताजिक’ म्हणजे अरब म्हणतो. मधुमती हे ‘मुहम्मद’ या नावाचे संस्कृत रूप असल्याचे अभ्यासक मानतात. या गृहस्थाने काय केले? लोकांना प्रवाह ओलांडण्यासाठी मोफत होड्या ठेवल्या. वाटसरूंना भात, कालवण व तूप फुकट मिळेल असे अन्नछत्र उघडले. अन्नैय नावाच्या ब्राह्मणाने बांधलेल्या देवीच्या मठासाठी एक गाव राजाच्या संमतीने दान दिले. होडीत बसणाऱ्याला त्याची जात वा धर्म विचारला जात नसावा, असे मला वाटते. माझ्या मते पाठ्यपुस्तकात या माणसाला निदान अर्धे पान मिळायला हवे.

आता सातशे वर्षे ओलांडू. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि या खाडीच्या परिसरात स्वराज्याच्या आरमाराची जहाजबांधणी सुरू झाली. पुढे त्या आरमाराच्या प्रमुखांत दौलतखान आणि दर्यासारंग ही नावे आढळतात. समुद्राची माहिती कोणाला, हा तेथे प्रश्न होता.

पेशवाई गेल्यावर कलेक्टर आला आणि नेतृत्वाची जागा दप्तराने घेतली. लोक अर्ज लिहू लागले. पण त्याच काळात समाजातील शिकलेल्यांनी वेगळा मार्ग काढला. बद्रुद्दीन तय्यबजी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७४ साली मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम ही संस्था उभारली. तेच तय्यबजी १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष झाले. शाळा काढणारा माणूस पुढारी होऊ शकतो, ही त्या काळी नवीच गोष्ट होती.

याहून नवी गोष्ट कल्याणजवळच्या टिटवाळ्यात घडली. जानेवारी १९४५ मध्ये तेथे किसान सभेची परिषद भरली व उंबरगाव भागातील काही वारली तिला आले. वेठबिगारी त्यांच्या पाठीला लागलेली होती. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायको सावकाराच्या घरी जन्मभर राबत. गोदावरी परुळेकर या कायद्याच्या पदवीधर. त्यांनी शहर सोडले, पाड्यांवर मुक्काम केला आणि वारल्यांच्या झोपडीत त्यांच्याच अन्नावर दिवस काढले. मे महिन्यात झरी येथे हजारो आदिवासी जमले आणि वेठ न करण्याचे ठरले. ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला, माणसे मेली, तरी लोक मागे हटले नाहीत. गोदावरीबाई हुकूम देत फिरल्या असत्या तर लोक असे उभे राहिले असते काय? विचार करून पाहा.

मतपेटीची हकीकत मात्र आपणांस ठाऊक आहे. ठाणे महानगरपालिका १९८२ ची, कल्याण-डोंबिवलीची १९८३ ची. २०११ पासून महाराष्ट्रात स्थानिक संस्थांत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव झाल्या. त्यामुळे ज्या घरांतील स्त्रिया पूर्वी सभेला जात नसत, त्या घरांतून नगरसेविका निघाल्या. नळाला पाणी आले नाही तर त्यांच्या दारात जाता येते. पण मुदत संपून निवडणूक लांबली की प्रशासक येतो. कल्याण-डोंबिवलीने २०२० पासून आणि ठाण्याने २०२२ पासून हा अनुभव काही वर्षे घेतला. त्या काळात पाण्याची तक्रार घेऊन जाणाऱ्याला पुन्हा अर्जच लिहावा लागला, थेट कलेक्टरच्या जमान्यासारखा.