डायलवरची सोनेरी अक्षरं पुरावा म्हणून कशी वाचायची?

जुन्या घड्याळाच्या काळ्या डायलवर सोनेरी अक्षरं दिसली की ती सोनेरी शाईने छापली असतील, असं आपण धरून चालतो. १९५० च्या दशकातल्या बऱ्याच स्विस डायलांवर मात्र अशी शाई नाहीच. पितळेची चकती चकचकीत करायची, अक्षरं पारदर्शक वॉर्निशने छापायची आणि मग प्लेटिंग करून चकती काळी करायची. वॉर्निशखाली काळा थर चढत नाही. ते धुतलं की खालचा धातूच अक्षर म्हणून उघडा पडतो. बाटिकमधल्या मेणासारखं.

मी हे मुळशीत, पौडच्या घरी, नव्या पितळी पत्र्यावर करून पाहिलं. लेझर प्रिंटचा टोनर इस्त्रीने पत्र्यावर उतरवला, पत्रा रसायनाने काळा केला, ॲसिटोनने टोनर पुसला. भिंगाखाली ही अक्षरं काळ्या थरात किंचित बुडालेली दिसतात. शाईची अक्षरं वर उठून बसतात. हा फरक हाताने केल्यावर जसा डोळ्यात बसतो, तसा वाचून बसत नाही.

याचा मुंबईशी संबंध आहे. फाव्हर-ल्यूबा १८६५ मध्ये भारतात आली, वेस्ट एंडची घड्याळंही इथे भरपूर खपली. स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले. १९६१ मध्ये बंगळूरला एचएमटीची घड्याळं बनू लागली, तरी जुनी स्विस यंत्रं लोकांनी सोडली नाहीत. डायल डागाळली की कारागीर ती खरवडून नव्याने छापायचे. आजचे संग्राहक अशा घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणून नाक मुरडतात. मला तो शेरा अन्यायाचा वाटतो. मालकाला घड्याळ हातात घालायचं होतं, लिलावात विकायचं नव्हतं!

पण संशोधकाने इथे थांबू नये. १९६० च्या आसपासपर्यंत अंधारात चमकणाऱ्या काट्या-आकड्यांत खरं रेडियम असायचं (आपण आज कुठल्याही चमकत्या स्टिकरला ‘रेडियम’ म्हणतो, ते नव्हे). रेडियमचा अर्धायुष्यकाल सुमारे १६०० वर्षं. चमक विझते ती त्यातलं झिंक सल्फाइड थकल्यामुळे. किरणोत्सर्ग चालूच राहतो. म्हणून अशी जुनी डायल घरी कधीही खरवडू नका.

आणि त्या काळच्या चमकत्या आकड्यांच्या घड्याळावर वर उठलेली नवी अक्षरं दिसली, तर ‘डायल नकली’ एवढंच टिपून पुढे जाऊ नका. मूळ रंग कुणीतरी हाताने काढलेला असण्याची शक्यता मोठी आहे. तो कोण होता, कुठे बसायचा, ती धूळ कुठे गेली, हे प्रश्न त्याच नोंदीत लिहा.