पारगावचा पूल आणि विमानाचा पंख

गेल्या रविवारी शिरूरहून दौंडला निघालो होतो. न्हावऱ्याच्या रस्त्याने. पारगावच्या पुलावर गाडी थांबवली, कारण सोबत भाचा होता आणि त्याला भीमेचं पाणी बघायचं होतं. खांबाच्या पुढे पाणी काचेसारखं गुळगुळीत, मागे नुसता गोंधळ. भोवरे, फेस, शेवाळाचे गोल फिरणारे तुकडे.

"मामा, विमान उतरताना पंखाची फळी बाहेर येते, पुढे फट पडते, ती कशाला?"

मी ऐटीत सांगितलं, "फटीतून जोरदार हवा येते, पंखावरच्या दमलेल्या हवेला ढकलते. म्हणून पंख लवकर 'स्टॉल' होत नाही." पुस्तकात हेच वाचलं होतं ना! घरी येऊन पुन्हा वाचायला बसलो आणि लक्षात आलं की आपण त्याला चुकीचं सांगून बसलोय. तर मंडळी, त्याचीच ही गोष्ट.

१९०४ साली लुडविग प्रांटल या जर्मन प्राध्यापकाने मांडलं की पृष्ठभागाला चिकटून हवेचा एक पातळ थर असतो आणि सगळा खेळ तिथेच चालतो. हा थर शांत असेल तर घर्षण कमी, पण तो पटकन सुटतो. खळबळता असेल तर घर्षण जास्त, पण चिकटून राहतो, कारण वरची वेगवान हवा त्यात सतत मिसळत असते. १९१४ साली प्रांटलने गोलाकार चेंडूवर बारीक तारेचं कडं बसवलं, थर मुद्दाम खळबळवला आणि हवेचा विरोध चक्क कमी झाला!

याच प्रांटलच्या हाताखाली १९३०च्या दशकात गटिंगेनला शिकला आपला कोल्हापूर जिल्ह्यातला माणूस, विष्णू माधव घाटगे. परत येऊन त्यांनी बंगळूरच्या विज्ञान संस्थेत १९४२ साली सुरू झालेला विमानविद्येचा विभाग सांभाळला. पुढे त्यांच्याच नेतृत्वाखाली घडलेलं एचटी-२ हे शिकाऊ विमान १९५१ साली उडालं.

त्याच संस्थेत सतीश धवन आणि त्यांचे विद्यार्थी रोद्दम नरसिंह यांनी शांत थर खळबळता कसा होतो ते मोजलं. अशा मोजणीचं हत्यार म्हणजे केसासारखी बारीक तापवलेली तार. वाऱ्याने ती थंड होते आणि तिचा विद्युतरोध बदलतो. प्रवाह शांत असेल तर रेघ सरळ, खळबळ असेल तर दातेरी. गंमत म्हणजे मधल्या पट्ट्यात दोन्ही आलटून पालटून दिसतात. म्हणून त्यांनी विचारलं, की किती टक्के वेळ खळबळ? आमच्यासारख्या 'हो किंवा नाही'वर पोट भरणाऱ्यांना हे पचायला जड, पण १९५८ सालचा त्यांचा हा निबंध आजही वाचला जातो.

आता फटीकडे. १९७५ साली डग्लस कंपनीच्या ए. एम. ओ. स्मिथने दाखवलं की फटीतल्या हवेत जास्तीची ताकद नसतेच, तिची ऊर्जा बाहेरच्या हवेइतकीच. खरं काम वेगळं आहे. पुढच्या फळीभोवतीचा प्रवाह मुख्य पंखाच्या नाकावरचं टोकाचं शोषण कमी करतो. मग मागे दाबाचा चढ सौम्य होतो आणि थर सुटत नाही. शिवाय प्रत्येक तुकड्यावर थर नव्याने, पातळ सुरू होतो. दमलेल्या एकाच माणसाने सगळं ओझं नेण्यापेक्षा दिंडीत खांदेपालट करावी तसं!

उतरताना विमान हळू असतं, जमीन जवळ असते. तेव्हा थर सुटला तर सावरायला उंचीच नसते. म्हणून 'चालतंय ना' एवढ्यावर भागत नाही, का चालतंय ते नीट कळावं लागतं. नाहीतर पुढचा पंख कशाच्या जोरावर काढणार?

भाच्याला फोन केला. "अरे, परवा तुला चुकीचं सांगितलं." तो म्हणाला, "मग खरं काय?"

एवढंच विचारलं पोराने. असो, पुढच्या रविवारी पुन्हा पुलावर जायचं ठरलंय.