करहाटक (प्राचीन नगर)

करहाटक हे सातवाहनकालीन दख्खनमधील एक व्यापारी नगर होते. सातारा जिल्ह्यात कृष्णा व कोयना यांच्या प्रीतिसंगमावर वसलेले आजचे कराड म्हणजेच हे नगर, असे अभ्यासक मानतात. महाभारताच्या सभापर्वात सहदेवाच्या दक्षिणदिग्विजयातही करहाटकाचे नाव येते.

शिलालेखांतील उल्लेख

या नगराची जुनी लेखी साक्ष कराडपासून शेकडो किलोमीटर दूर, मध्य प्रदेशातील भारहुत येथे सापडली. तेथील स्तूपाच्या कठड्यावर, इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या सुमारास, 'करहकट' निगमाचे दान कोरलेले आहे. दाता एखादा धनिक नसून नगराची संस्था आहे, ही बाब विशेष लक्षणीय होय. रायगड जिल्ह्यातील कुडा येथील एक लेणे करहाकडच्या महिक नावाच्या लोखंडाच्या व्यापाऱ्याने दान केले. कुड्याजवळचे मांदाड म्हणजे 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनातील मंदगोरा बंदर, असे काही अभ्यासकांचे मत आहे. ते ग्राह्य धरल्यास घाटमाथ्यावरील हा व्यापारी रोमन जहाजे येत त्या किनाऱ्यापर्यंत पोहोचला होता. त्या व्यापाराचा प्रत्यक्ष पुरावा कराडच्या दक्षिणेस कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर मिळाला. समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती तेथलीच. १९४५-४६ मध्ये ह. धी. सांकलिया व मो. गं. दीक्षित यांनी तेथे शास्त्रीय उत्खनन केले.

अवशेष व संरक्षण

कराडच्या नैर्ऋत्येस आगाशिव डोंगरात जखीणवाडीची साठांहून अधिक बौद्ध लेणी आहेत. ती लहान व साधी असून कोरीवकाम मोजकेच आहे. ही लेणी केंद्र-संरक्षित स्मारक आहेत. १९५८च्या अधिनियमातील २०१०च्या दुरुस्तीनुसार अशा स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई असून त्यापुढील २०० मीटर क्षेत्र नियंत्रित असते.

ही मर्यादा डोंगरावरील लेण्यांभोवतीची आहे. ज्यांच्या दानावर अशी लेणी उभी राहिली, त्यांचे नगर मात्र आजच्या वस्तीखाली आहे. तेथे घराचा पाया खणला की जुने थर विस्कटतात. भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ नुसार जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक मूल्याच्या ठेव्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे. नाण्यांना ही तरतूद उपयोगी पडते. खापरांना बाजारमूल्य नसल्याने ती राडारोड्याबरोबर जातात. थरांचा काळ ठरविण्यास मुख्य आधार मात्र त्यांचाच असतो.